तमाम आणि हम्माम

बहगत नग्गार यांच्याकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते मासळीबाजारात, मुअल्लिमा नवाइमच्या टोपल्यांपुढे. मासळी विकणाऱ्या बाईला अलेक्झांड्रियाच्या आमच्या बहरी भागात मुअल्लिमा म्हणतात, आणि नवाइमला तर म्हणावंच लागे. तसं म्हटलं नाही तर ती तराजूला हात लावत नसे. ज्या हिवाळी वादळाला आम्ही 'केरसुणी' म्हणतो ते नुकतंच समुद्र झाडून गेलं होतं. नावा बाहेर पडल्या नव्हत्या, त्यामुळे बोय मासा महाग आणि गर्दी जास्त. त्या गर्दीत नौदलाच्या गणवेशातला एक उंच, खांद्यात थोडा वाकलेला माणूस टोपलीतल्या माशांकडे न बघता नवाइमच्या तोंडाकडे एकटक बघत उभा होता.

नवाइम गप्प बसणारी नव्हती.

"काय हो बाशमुहंदिस, इंजिनिअरसाहेब, मासे खाली आहेत. माझ्या तोंडात काय बघताय? दातात कोथिंबीर अडकलीय का?"

"मोजतोय," तो शांतपणे म्हणाला. "एका माशामागे किती खोटं बोलतेस ते."

"मग तुमची बोटं पुरायची नाहीत. शेजारच्याची घ्या उसनी."

लोक हसले, तोही हसला. पण तो हसला तो लोकांच्या जरा मागून. नवाइमचं तोंड मिटलं, मग आजूबाजूचे चेहरे हललेले त्याने पाहिले, आणि मग तो हसला. त्याच्या मागे उभी असलेली म्हातारी "बाळा, जरा सरक" असं तीनदा म्हणाली, तरी तो हलला नाही. शेवटी तिने त्याच्या कोपराला टोपली लावली तेव्हा दचकून बाजूला झाला आणि तिची माफी मागितली.

मी तेव्हा पहिलीच्या मुलांना शिकवत होते. ज्या मुलाला कमी ऐकू येतं ते मूल पुढच्या बाकावर येऊन बसतं आणि बाईंच्या ओठांवरून नजर काढत नाही. हुशार असेल तर वर्षभर कोणाला पत्ता लागू देत नाही. ती नजर मला पाठ होती. तीच नजर पंचेचाळिशीच्या नौदल अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा बघत होते.

गंमत म्हणजे ते आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहत होते. जिन्यात समोरासमोर आलो तर सलाम होई, त्यापलीकडे काही नाही. इमारतीत त्यांची ख्याती होती की माणूस जरा ताठ आहे, मागून हाक मारली तर वळत नाही. आता मला त्या ताठपणाचं कारण कळलं होतं.

त्यांची माहिती मला पुढे तुकड्यातुकड्याने मिळत गेली. बहगत जवळच्याच अन्फूशीच्या किनाऱ्यावरचे. त्यांचे वडील तिथल्या वाळूत लाकडी नावा बांधत. नग्गार म्हणजे सुतार, आणि घराण्यात चार पिढ्या तेच काम. पण बहगतना लहानपणापासून लाकडापेक्षा नावेत शेवटी बसवलं जाणारं इंजिन आवडे. वडील म्हणत, "आम्ही वर्षभर राबून नाव बांधायची, आणि हा पोरगा त्या काळ्या डब्याच्या प्रेमात." तरी त्यांनी पोराला शिकवलं. बहगत अलेक्झांड्रियाच्याच अभियांत्रिकी कॉलेजात जहाजांची इंजिनं शिकले, नौदलात लेफ्टनंट म्हणून दाखल झाले, प्रशिक्षणासाठी काळ्या समुद्रावरच्या एका थंड बंदरात दीड वर्ष काढून आले. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, इंजिनाला रोज सकाळी हात लावून बघायची सवय. प्रत्येक यंत्रावर तळवा ठेवायचा, गरम आहे का, थरथर कालच्यासारखीच आहे का, हे बघायचं, मगच दिवस सुरू करायचा. आणि दुसरी, बिटाचं सूप. ते घरात त्यांच्याशिवाय कोणी खात नसे.

युद्धात ते होते. त्याविषयी ते फार बोलत नाहीत. "खाली असलं की युद्ध दिसत नाही," एवढंच म्हणतात. "वरून हुकूम येतो, वेग वाढवा, वेग कमी करा. युद्ध जिंकलं की हरलं हे आम्हाला रेडिओवरून कळलं."

कान तिथेच गेले, त्या खालच्या खोल्यांत. मोठी डिझेल इंजिनं, चारी बाजूंना लोखंडी भिंती, आणि वीस वर्षं. कानांवर लावायची टोपणं भांडारात होती, पण ती कोणी वापरत नसे. त्या काळच्या इंजिनवाल्यांची समजूत अशी की कान झाकणारा माणूस इंजिनाकडे पाठ फिरवणारा. आजारी मुलाच्या खोलीत आई कानात कापूस घालून झोपेल का, असं ते एकमेकांना विचारत. बहगतही विचारत.

आधी टाचणीसारखे बारीक आवाज गेले. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज. पुरुषांचे आवाज राहिले, पण ते भिंतीपलीकडून आल्यासारखे.

हे मला सांगितलं त्यांच्या बायकोने, इन्शिराहने. मासळीबाजारातल्या त्या दिवसानंतर थोड्याच दिवसांनी ती माझ्याकडे आली. हातात ताटली, ताटलीत कांदा करपवून केलेला तपकिरी भात आणि त्यावर माशाचे तुकडे. बसली, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग, शिक्षिकेला आमच्याकडे अब्ला म्हणतात तसं, म्हणाली, "अब्ला, तुम्हाला कळलंय ना?"

"काय कळलंय?"

"नाटक नको. परवा जिन्यात तुम्ही बहगतशी बोललात ते चेहरा उजेडाकडे करून, सावकाश. आजवर त्याच्याशी असं कोणी बोललेलं नाही."

तिने ताटलीवरचा रुमाल उगाच सारखा केला.

"दरवर्षी तपासणी असते. डॉक्टर खोलीच्या कोपऱ्यात उभा राहून आकडे कुजबुजतो, तोंड फिरवून. ह्याचं नशीब असं की त्या कोपऱ्यात औषधांचं काचेचं कपाट आहे. काचेत डॉक्टरचं तोंड दिसतं. दोन वर्षं हा कपाट वाचून पास होतोय."

"आणि कळलं तर?"

"तर जमिनीवर. टेबल, खुर्ची, भांडाराच्या किल्ल्या. जहाजाचा चीफ इंजिनिअर झाल्याला त्याला जेमतेम तीन वर्षं झालीत, अब्ला. त्यासाठी जन्म गेला त्याचा. वसंतात जहाज कालव्यातून लाल समुद्रात जाणार आहे, लांबच्या सफरीला. त्या इंजिनांचा एकेक तुकडा ह्या हिवाळ्यात त्याने स्वतः उघडून परत बसवलाय. म्हणतो, एवढी सफर होऊ दे, मग मीच जाऊन डॉक्टरांना सांगेन."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तो खोटं बोलत नाहीये." ती हसली. "पण समुद्रावरचा माणूस 'एवढी एक सफर' असं आयुष्यात एकदाच म्हणतो का?"

मग ती ज्यासाठी आली होती ते बोलली. तुम्ही पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवता, कोणतं अक्षर तोंडात कुठून निघतं ते तुम्हाला माहीत. ते त्याला शिकवा. सध्या तो अंदाजाने वाचतो, आणि अंदाज चुकला तर खाली माणसं आहेत. सफरीला जायचंच असेल तर निदान नीट वाचायला शिकून जाऊ दे.

मी हो म्हटलं. हो म्हणणं बरोबर होतं का, यावर माझं आणि इन्शिराहचं अजूनही बोलणं होतं, आणि दर वेळी आम्ही बाजू बदलतो.

त्या हिवाळ्यात जहाज बंदरात होतं, त्यामुळे बहगत बऱ्याच संध्याकाळी घरी असत. ते माझ्याकडे येत, इन्शिराहही यायची, विणकाम घेऊन. मी टेबलावर आरसा ठेवला. त्यांना आधी स्वतःचेच ओठ बघायला लावले. विद्यार्थी म्हणून ते फार चांगले. मशीन उघडावं तसा त्यांनी तो चेहरा उघडला. हे बिजागर, हा पडदा, हा हवेचा मार्ग. फक्त आवाज न करता ओठ हलवायचे म्हटलं की लाजत.

"ब आणि म दिसायला एकच," मी सांगितलं. "दोन्हीला ओठ मिटतात. बापाला 'बाबा' म्हटलं काय आणि आपण आईला म्हणतो ते 'मामा' म्हटलं काय, बाप आणि आई ओठांवर सारखेच."

"म्हणजे बहिऱ्याच्या घरी आईबाप एकच," ते म्हणाले.

"आपल्या घरी तसंच आहे," सुया न थांबवता इन्शिराह म्हणाली. "दोन्ही मीच."

त्यांनी तिच्या तोंडाकडे बघून ते बरोबर वाचलं, आणि नजर आरशाकडे वळवली. ती म्हणाली, "बघा अब्ला, प्रगती आहे."

सगळ्यांत अवघड आवाज ते, जे घशात किंवा दातांच्या मागे होतात. ओठांना त्यांचा पत्ताच नसतो. मी त्यांना सांगितलं की तिथे आजूबाजूचे शब्द बघायचे आणि मधला ओळखायचा. माणूस ताट म्हणाला की काठ, हे तो जेवणाबद्दल बोलतोय की समुद्राबद्दल त्यावरून कळतं.

त्यांनी जरा विचार केला. "जहाजावर आजूबाजूला शब्द नसतात, अब्ला. खाली त्या आवाजात कोण वाक्यं बोलणार? तिथे सगळा कारभार एकेका शब्दाचा."

कधी चहा घेताना ते खालच्या माणसांच्या गोष्टी सांगत. त्यात मितवल्ली नेहमी असे. मितवल्ली हा त्यांच्या इंजिनखोलीतला सगळ्यांत जुना हवालदार, दक्षिणेकडचा, सोहागचा. बहगतबरोबर तो तीन जहाजं बदलून आला होता. त्याची मिशी म्हणे अशी होती की तो जिना उतरताना आधी मिशी खाली यायची. आणि ती त्याने गेल्या उन्हाळ्यात एकाएकी काढून टाकली.

"मी विचारलं, मितवल्ली, बायकोने घरातून हाकललं की काय? तर म्हणाला, उकाडा फार, साहेब. आणि त्याच्या मागून एकेक करून सगळ्यांनी काढल्या. आता माझ्या इंजिनखोलीत सगळे नवरदेवासारखे गुळगुळीत. साथच आली म्हणा ना."

आम्ही तिघंही त्यावर हसलो होतो.

आता 'तमाम'बद्दल सांगायला हवं. तमाम म्हणजे सगळं ठीक, काही कमी नाही, काही बिघडलेलं नाही. आमच्या सैन्यात आणि नौदलात दिवस त्या शब्दाने उजाडतो आणि त्याच शब्दाने मावळतो. शिपाई हवालदाराला तमाम देतो, हवालदार अधिकाऱ्याला, अधिकारी कॅप्टनला. इंजिनं चालू असली की दर तासाला कोणीतरी जहाजात फिरून येतो, खाली इंजिनखोलीत उतरायच्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि "तमाम" म्हणतो. खालचा अधिकारी हात वर करतो. झालं. हजारो वेळा हे असंच झालेलं असतं.

सफरीच्या आधी जहाजाच्या पाहणीला ॲडमिरल येणार होते. त्या सकाळी खाली वीज तयार करणारी इंजिनं चालू होती आणि बहगत त्यांच्यापाशी उभे होते. वर अधिकाऱ्यांच्या हम्माममध्ये, म्हणजे स्नानघरात, पाण्याचा मोठा नळ सांध्यातून फुटला. मितवल्ली तिथून जवळच होता. त्याने हाताला लागतील ते टॉवेल घेऊन सांध्यावर दाबले, पाणी थांबेना. ते पाणी बंद करायचा कॉक खाली इंजिनखोलीत, बहगतच्या पाठीशी. मितवल्ली धावत जिन्याच्या तोंडाशी आला. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात ओल्या टॉवेलांचं बोचकं. त्याने खाली वाकून, तोंड उजेडात आणून, अगदी स्वच्छ, सावकाश एकच शब्द म्हटला:

"हम्माम."

आणि खाली बहगतनी त्याच्या ओठांवर वाचलं: "तमाम."

मी नंतर आरशापुढे बसून हे दोन शब्द किती वेळा म्हणून पाहिले. पहिला आवाज एकाचा घशात, दुसऱ्याचा दातांच्या मागे. ओठांना दोन्ही सारखेच. पुढे तोंड उघडणं, मिटणं, उघडणं, मिटणं. हम्माम म्हणताना ओठ किंचित जास्त वेळ मिटलेले राहतात, पापणी लवण्याइतके. आणि जितकं सावकाश, जितकं स्वच्छ म्हणावं तितके ते जास्तच सारखे दिसतात. शिवाय ती तमामचीच वेळ होती. हातातला ओला टॉवेल त्यांनी पाहिला होता. त्यांना वाटलं, गडी आंघोळ करून ताजातवाना होऊन तमाम द्यायला आलाय. त्यांनी हात वर केला.

मितवल्लीला वाटलं साहेबांना कळलं, आता कॉक बंद होणार. तो परत सांध्यावर टॉवेल दाबायला पळाला.

कॉक बंद झाला नाही. पाणी खालच्या मजल्यावर उतरलं, ॲडमिरलसाहेबांसाठी मांडलेल्या टेबलांवर, गालिच्यावर, केकवर. इथवर हे हसण्यासारखं होतं. पण तिथून ते भिंतीतल्या विजेच्या पेटीत शिरलं. एक वीजतंत्री पेटी बंद करायला धावला, त्याला झटका बसला आणि तो मागे फेकला गेला. जिवाला काही झालं नाही. उजव्या हाताची बोटं भाजली.

दुपारी पाहणी दुसऱ्या दिवसावर ढकलून झाल्यावर कॅप्टन रिफअत यांनी बहगत आणि मितवल्ली दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. पुढचं मला दोघांनीही सांगितलंय. मितवल्लीच्या सांगण्यात मसाला जास्त असतो, पण मूळ गोष्ट दोघांची एकच.

कॅप्टन मितवल्लीला म्हणाले, "तू खाली कळवलंस का नाही?"

मितवल्लीने बहगतकडे एकदा पाहिलं. "नाही साहेब. विसरलो."

"नळ फुटला, पाणी वाहतंय, आणि तू विसरलास?"

"गडबड झाली, साहेब. चूक माझी."

बहगतना आधी वाटलं आपण चुकीचं वाचलं. "मितवल्ली, परत बोल," ते म्हणाले. "माझ्याकडे बघून बोल."

मितवल्लीने मान खाली घातली. हनुवटी छातीला लागेपर्यंत. आणि मग तो बोलला, काहीतरी लांबलचक बोलला. बहगतना त्याच्या टोपीशिवाय काही दिसलं नाही. इतक्या वर्षांत मितवल्ली त्यांच्याशी मान खाली घालून कधी बोलला नव्हता. बहगतनी कॅप्टनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तो संतापाने लाल होत होता. तेवढ्यावरून त्यांना कळलं की मितवल्ली दोष स्वतःवर घेतोय, आणि जिन्याच्या तोंडाशी तो म्हणाला ते तमाम नव्हतं. अशा चुकीला मितवल्लीची हुद्द्याची फीत गेली असती, आणि त्या वर्षी मिळायची बढतीही.

"रिफअत," बहगत म्हणाले, "त्याने सांगितलं होतं. मला ऐकू येत नाही."

"आवाजच एवढा असतो खाली, कोणालाच..."

"खाली नाही. कुठेच नाही. दोन वर्षं झाली."

"ऐकू येत नाही म्हणजे?"

"म्हणजे आत्ता तू जे विचारलंस, ते मी बघितलं."

कॅप्टन खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. घरी बायकोला. आणि इमारतीतल्या एका शिक्षिकाबाईंना."

त्यावर मितवल्लीने मान वर केली आणि खाकरला.

"माफ करा, साहेब. मग मी ही मिशी काय उकाड्यासाठी काढली?"

बहगतनी ते वाचलं, पण त्यांना अर्थ लागेना. त्यांनी परत म्हणायला लावलं. मितवल्लीने परत म्हटलं. मिशीच्या झुपक्यामागे ओठ दिसत नाहीत, साहेब दोन-दोनदा विचारतात, चिडतात, स्वतःवरच चिडतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मग त्याने काढली. आणि मग खालच्या सगळ्यांना सांगितलं की ज्याला या इंजिनखोलीत राहायचंय त्याने गुळगुळीत राहायचं, आणि साहेबांशी बोलताना दिव्याखाली उभं राहून बोलायचं. का, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

सोहागच्या माणसाने मिशी काढणं म्हणजे काय हे आमच्याकडे लहान मुलालाही समजतं. त्या ईदला मितवल्ली गावी गेला तेव्हा चुलत्याने त्याला पुरुषांच्या बैठकीत बसू दिलं नाही. विचारलं, तुझा अपमान कोणी केला ते सांग, नाहीतर बायकांत जाऊन बस. मितवल्ली स्वयंपाकघरात जाऊन बसला. "जेवण तिथे जास्त चांगलं होतं," असं तो सांगतो.

कॅप्टन रिफअत वाईट माणूस नव्हते. त्यांनी मितवल्लीला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि बहगतच्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

"हे बघ. सफरीला किती दिवस उरलेत? तुझ्याशिवाय ती इंजिनं कोणाला माहीत आहेत? मितवल्लीला मी काही करत नाही. नळ फुटला, पाणी शिरलं, असं होतं. तू सफर करून ये, मग बघू. मी काही ऐकलं नाही."

"ऐकलं नाही म्हणणारा एका जहाजावर एक पुरे," बहगत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः डॉक्टरांकडे गेले. या वेळी त्यांनीच सांगितलं की कपाटाकडे पाठ करून बसतो. आकडे कुजबुजले गेले, त्यांनी एकही सांगितला नाही. डॉक्टर बऱ्याच वर्षांचे ओळखीचे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मीच बहिरा होतो म्हणायचं." मग कागदावर सही केली.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मी इन्शिराहकडेच होते. त्यांनी टोपी काढून ठेवली.

"सांगितलं," ते म्हणाले.

इन्शिराह उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने बिटाचं सूप गरम करायला ठेवलं. त्या रात्री तिने स्वतःसाठीही एक वाटी घेतली.

जहाज वसंतात गेलं, दुसऱ्या इंजिनिअरबरोबर. आमच्या गच्चीवरून बंदराचं तोंड स्वच्छ दिसतं, आणि इमारतीतली निम्मी माणसं बघायला वर गेली होती. बहगत गेले नाहीत. माझा पाणी तापवायचा बंब बरेच दिवस गळत होता, तो दुरुस्त करायला ते त्या सकाळी माझ्याकडे आले. जमिनीवर मांडी घालून बसले, बंब उघडला, सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. मध्येच थांबले आणि दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. जहाज शिट्टी देत होतं, मला ती ऐकू येत होती. फरशीतून त्यांना काही कळलं का ते मी विचारलं नाही. जरा वेळाने त्यांनी मला पाना मागितला.

नंतरची वर्षं त्यांनी नौदलाच्या जमिनीवरच्या कार्यशाळेत काढली. टेबल मिळालं, किल्ल्याही मिळाल्या. पण तिथे नव्या इंजिनवाल्यांना शिकवायचं कामही होतं, आणि ते त्यांनी मन लावून केलं. कार्यशाळेच्या दारात त्यांनी खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्यावर कानांची टोपणं टांगली. टोपण घातल्याशिवाय आत पाऊल टाकलं तर ते माणसाला हाताला धरून बाहेर आणत. एखादा म्हणायचा, "साहेब, कान झाकले तर इंजिनाचं दुखणं कळणार कसं?" मग ते त्याचा हात धरून यंत्रावर ठेवत. "इथून," म्हणत. "हे अजून शाबूत आहे ना?"

आणि तमाम देण्याची त्यांची स्वतःची रीत त्यांनी बसवली. नुसतं तमाम म्हणायचं नाही. पाणी तमाम, तेल तमाम, वीज तमाम, असं एकेकाचं नाव घेऊन म्हणायचं, आणि जे म्हणतोय त्याकडे हात करून म्हणायचं. सुरुवातीला लोक कंटाळले. त्यांच्या पाठीमागे त्यांना 'हम्माम पाशा' म्हणत. पाठीमागे म्हटलेलं त्यांना ऐकू यायचं नाही, पण मितवल्लीने एकदा समोर उभं राहून, ओठ नीट हलवून, ते नाव त्यांना सांगून टाकलं. त्यांना आवडलं. मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना आपली ओळख त्याच नावाने करून दिली, आणि इन्शिराहने कपाळाला हात लावला.

मितवल्लीला बढती मिळाली. तो निवृत्त होऊन सोहागला गेला, तिथे त्याची पिठाची गिरणी आहे.

बहगत निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता हा माणूस गच्चीत बसून बंदराकडे बघत राहणार. तसं झालं नाही. पहिल्याच आठवड्यात ते अन्फूशीला गेले, वडिलांची जागा आता पुतण्या चालवतो तिथे. पुतण्या म्हणाला, "काका, बसा, चहा घ्या." ते बसले नाहीत. एका नावेचं इंजिन वाकडं बसवलेलं त्यांना दिसलं होतं.

आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, डाव्यात ऐकायचं यंत्र आहे. शुक्रवार सोडून रोज सकाळी ते अन्फूशीच्या वाळूत नावांची इंजिनं बसवायला जातात, आणि लाकडाचा भुसा आत जातो म्हणून कानातलं यंत्र घरीच काढून ठेवतात.